प्रदर्शनाची शेवटची तारीख ठळक छापा

महोदय,

संग्रहालयांच्या आगामी कार्यक्रमांना आपल्या वृत्तपत्रात जागा मिळते, याचे आम्हा संग्रहालयात काम करणाऱ्यांना मनापासून समाधान आहे. त्या चौकटीबद्दलच एक विनंती. उद्घाटन कधी, कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, हे सगळे ठळक असते. प्रदर्शन संपणार कधी, हे मात्र शेवटच्या ओळीत तरी असते किंवा नसतेच. यात दोष बहुतेक वेळा संग्रहालयांचाच, कारण पाठवलेल्या निवेदनातच ती तारीख नसते. उद्घाटनाला मोजकी माणसे जातात. ‘बघू सवडीने’ म्हणणारे जास्त असतात, आणि प्रदर्शन हुकते ते त्यांचेच.

एवढी गर्दी होते आहे तर मुदत वाढवा, अशी मागणी मग होते. कागद, रंगीत कापड, जलरंगातली चित्रे, हस्तलिखिते, जुनी छायाचित्रे यांच्या बाबतीत ती मान्य करणे कठीण असते. प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. दगडाला, न रंगवलेल्या भाजक्या मातीला एवढे जपावे लागत नाही. ही हानी दिवसागणिक साठत जाते. ५० लक्समध्ये रोज आठ तास मांडलेले चित्र ९० दिवसांत ३६,००० लक्स-तास प्रकाश खाते. भर दुपारचे थेट ऊन सुमारे एक लाख लक्सचे धरले, तर तीन महिन्यांचा हा हिशेब उन्हात बावीस मिनिटांत पुरा होतो. मांडणी उतरवल्यावर असे चित्र पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षे अंधारात ठेवावे लागते. काही प्रदर्शनांत मधेच चित्रे बदलतात किंवा हस्तलिखिताचे पान उलटतात. त्या बदलाची तारीखही छापून आली, तर एकदा येऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा येईल.

दालनात अंधार आहे ही तक्रारही यातूनच येते. बाहेरच्या उजेडातून थेट ५० लक्समध्ये पाऊल टाकले की पहिली काही मिनिटे डोळ्यांना काहीच नीट दिसत नाही. पाच-सात मिनिटे दाराजवळच्या मोठ्या वस्तू पाहत थांबावे, मग बारीक रेषांच्या चित्रांकडे वळावे. वयस्क माणसांना आणखी वेळ लागतो. चौकटीत ‘दालनात प्रकाश मंद आहे’ एवढे तीन-चार शब्द असले, तरी वाचायचा चष्मा घरी राहणार नाही.

व्याख्यानांच्या बाबतीत विषय आणि वक्ता छापला की पुरे, असा समज आहे. तो सभागृहातल्या व्याख्यानाला ठीक आहे. दालनात, वस्तूसमोर होणाऱ्या बोलण्याची गोष्ट वेगळी. एका काचपेटीभोवती पंधरापेक्षा जास्त माणसे उभी राहिली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात. त्यामुळे पूर्वनोंदणी आहे का, किती जणांची, आणि जागा भरल्यावर दुसरी फेरी होणार का, हे आधी कळायला हवे. उभ्याने ऐकण्याची ताकद अर्ध्या तासापलीकडे टिकत नाही. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली काचपेट्यांतल्या वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे, बसावे, मान वळवावी लागते, याची छायाचित्रेच प्रसिद्ध केली होती. ‘संग्रहालयाचा थकवा’ ही कल्पना तेव्हापासून रूढ आहे, आणि घडीची स्टुले हा त्यावरचा सर्वात स्वस्त इलाज आजही पुष्कळ ठिकाणी विसरला जातो. अभिरक्षकांची (संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या तज्ज्ञांची) फेरी ऐकायची असेल, तर आमचा सल्ला शेवटच्या दोन आठवड्यांतली निवडण्याचा. पाहणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी तोवर बोलणाऱ्याची तयारी वाढलेली असते.

कुटुंबांसाठीच्या उपक्रमांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वात जास्त हिरमोड तिथे होतो. ‘मुलांसाठी कार्यशाळा’ एवढीच ओळ वाचून पालक चार वर्षांच्या मुलीला घेऊन येतात आणि उपक्रम असतो दहा वर्षांवरच्यांसाठी. वयोगट, मुलांची संख्या, लागणारा वेळ, पालकांनी सोबत बसायचे की नाही, कपडे मळणार आहेत का, या पाच गोष्टींशिवाय निवेदन स्वीकारूच नये, असे आम्ही सुचवतो.

उपक्रम चांगला की नुसता वेळ घालवणारा, हे ओळखायची एक खूण आहे: तो संपल्यावर मुले परत दालनात जातात का? छापील चित्रात रंग भरण्यासाठी संग्रहालयात येण्याची गरज नाही. याउलट ‘फुटलेले मडके जोडा’ हा उपक्रम घ्या. साधे, बिनझिलईचे मडके जाड कापडात गुंडाळून लाकडी हातोडीने एकदाच ठोकायचे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना बारा ते पंधरा खापरे पुरतात. चाळीस तुकडे झाले तर मुले कंटाळून उठतात आणि विसाव्या मिनिटाला टेबल रिकामे होते. टोकदार कडांवर पॉलिश पेपर अगदी हलका फिरवायचा, जास्त घासले तर सांधा जुळत नाही. खापरे आतल्या बाजूने खडूने क्रमांकित करून फोटो काढून ठेवायचा, म्हणजे गाडी अडली तर मदत करता येते. चार मुलांमागे एक मडके, एक मोठा माणूस आणि वाळूने भरलेली एक परात.

जोडणी बुडापासून सुरू करायची आणि वर काठाकडे जायची. दोन खापरे जुळली की बाहेरून कागदी चिकटपट्टीचा तुकडा सांध्याला आडवा लावायचा आणि भाग वाळूत उभा रोवायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. गोंद इतक्यात नको. गोंद पहिल्यापासून लावला तर प्रत्येक सांध्यात केसाएवढा फरक पडतो, तो वर चढत जातो आणि शेवटचे खापर आपल्याच जागेत बसत नाही. मुले मग ते दाबून बसवू पाहतात आणि आधीचे सांधे सुटतात. संवर्धन करणारी माणसेही म्हणूनच आधी कोरडी जुळणी करून पाहतात. एक खापर मुद्दाम लपवून ठेवावे. ती जागा उरली की मुलेच विचारतात, संग्रहालयात अशा वेळी काय करतात? तेव्हा त्यांना दालनात न्यावे आणि जुन्या भांड्यावरचा भरलेला, जरा वेगळ्या छटेचा भाग त्यांनाच शोधू द्यावा. तो वेगळा दिसावा अशाच बेताने भरलेला असतो, हे मग सांगावे लागत नाही. सगळ्याला मिळून सव्वा तास धरावा.

नाण्यांच्या ठशांचा उपक्रमही असाच सोपा वाटतो आणि फसतो. मूळ नाणे कधीच द्यायचे नाही, प्रतिकृती वापरायची. ती पाटीवर दुहेरी चिकटपट्टीने पक्की बसवायची आणि वर पातळ कागद चारही कोपऱ्यांना चिकटवायचा. कागद सरकला की अक्षरे दुहेरी उमटतात. जाड असला की काहीच उमटत नाही. मेणखडूवरचा कागद काढून खडू आडवा धरायचा आणि एकाच दिशेने हलके घासायचे. दालनात मात्र फक्त पेन्सिल. शाईचा एक ओरखडा कापडावर पडला तर तो निघत नाही.

वस्तू हातात घेऊन पाहण्याच्या सत्रांत अंगठ्या, घड्याळे काढून ठेवायला सांगतात, ते ओरखड्यांच्या भीतीने. भांडे कानाला किंवा काठाला धरून उचलायचे नाही, कारण कान जिथे जोडलेला असतो तिथेच ते कच्चे असते. एक हात बुडाखाली, एक कुशीला, आणि खाली फोमची गादी घातलेल्या टेबलावरच, वीतभर उंचीत. धातूच्या वस्तूंना हातमोजे हवेत, घामातल्या क्षारांनी डाग पडतात. कागदाला मात्र धुऊन कोरडे केलेले उघडे हात बरे. सुती मोज्यांत बोटांना पानाची कड कळत नाही आणि ती फाटते.

आणखी एक. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून साजरा होतो. तो आला की सगळ्या संग्रहालयांचे कार्यक्रम त्या एकाच आठवड्यात कोंबले जातात, आणि मुलांना नोंदणी मिळत नाही. आपण महिनाभर आधी सर्वांची वेळापत्रके एकत्र छापलीत, तर तारखा एकमेकांवर आदळताहेत हे संग्रहालयांनाही दिसेल आणि काही कार्यक्रम पुढे-मागे सरकवता येतील.

चौकटीत साप्ताहिक सुट्टीचा वार, शेवटच्या प्रवेशाची वेळ (ती बंद होण्याच्या वेळेआधी असते आणि लोक दारातून परत जातात), पायऱ्या आहेत की उतार किंवा लिफ्ट, आणि बसायला जागा कुठे, हेही यावे. जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांची नावे गाळावीत. आणि प्रदर्शन संपायला आठ दिवस उरले की ‘शेवटचा आठवडा’ अशा मथळ्याखाली दोन ओळी पुन्हा छापाव्यात. त्यासाठीचा मजकूर तीन आठवडे आधी, शेवटच्या तारखेसह पाठवणे ही संग्रहालयांची जबाबदारी, आणि ती आम्ही घेतो.

आपले,
संग्रहालयाच्या शिक्षण व संवर्धन विभागांतील कर्मचारी