किल्ली कोणी दिली?

चि. भैया,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, तुझी मान खाली गेली असती आणि तुझी आई मध्ये पडली असती. तीन दिवस घरात तेच चाललंय. म्हणून आज मुक्कामाच्या गावाला आल्यावर कंडक्टरच्या वहीतली चार पानं मागून घेतली. तो केव्हाच झोपला. गाडी मारुतीच्या पाराशेजारी लावली आहे, पलीकडे सातपुडा नुसता काळा दिसतोय आणि डास इतके आहेत की एका हाताने लिहितोय, दुसऱ्याने मारतोय. अक्षर समजून घे.

आधी तुझ्या मनात सलतंय तेच घेतो. मी कोणाला फोन का लावला नाही?

त्या संध्याकाळी तुला गाडी चालवताना पोलिसांनी पकडल्याचा निरोप आला तेव्हा माझी बस यावलहून येऊन नुकतीच स्टँडला लागली होती. बातमी माझ्याआधी पोहोचली होती. तिथल्या तिथे तिघांनी तीन नंबर काढून दिले. कोणाचा साडू, कोणाचा मेव्हणा, कोणाचे साहेब. ‘नाना, एक फोन लावा, पोरगं दहा मिनिटांत घरी.’ खोटं कशाला सांगू, मी मोबाइल हातात घेतला होता. एक नंबर लावलाही, तो बिझी लागला. दुसरा लावायच्या आत ठाण्याच्या पायऱ्या आल्या.

आत पाहिलं तर बाकावर तू आणि तुझ्यासारखी आणखी पाच पोरं. आणि समोरच्या टेबलाशी तुझी आई. अंगणवाडीतून तशीच आली होती, पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आपल्या घरातली बाई पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढली होती. हवालदार मान वर न करता विचारत होता, ‘गाडी कोणाच्या नावावर?’ ती म्हणाली, ‘माझ्या.’ ‘किल्ली कोणी दिली?’ ती म्हणाली, ‘मीच.’ रोज पोषण आहाराच्या रजिस्टरमध्ये इतक्या सह्या करणारी बाई, भैया, पण त्या कागदावर सही करताना स्वतःचं आडनाव चुकली. खोडून पुन्हा लिहिलं.

तेव्हा मोबाइल खिशात ठेवला. पुढचं काही विचार करून केलं असं मी म्हणणार नाही.

तू दुसऱ्या दिवशी म्हणालास, ‘पकडलं मला, आईला कशाला ओढलं?’ हा प्रश्न मलाही होता, म्हणून वकिलाकडे जाऊन कागद समजून घेतला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ ला सुधारणा झाली आणि १९९क नावाचं कलम आलं. अठरा वर्षांखालच्या पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही, लर्निंगसुद्धा नाही. तुझा भाग बाल न्याय कायद्याप्रमाणे वेगळा चालेल. पण आरोपी म्हणून जे नाव लिहिलंय ते तुझ्या आईचं. आरसी बुकावर तिचं नाव घालावं ही हौस माझीच होती. पहिली गाडी लक्ष्मीच्या नावावर, म्हणून पेढे वाटले होते आपण.

वकिलाने आणखी एक वाट सांगितली, ती तुला कळलीच पाहिजे. कायदा असं धरूनच चालतो की पोराने गाडी घेतली ती घरच्यांच्या संमतीने. पण घरच्यांनी सिद्ध केलं की आपल्याला ठाऊक नव्हतं, किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, तर ते सुटू शकतात. मग आपल्या ओळखीतले एक जण म्हणाले, ‘सोपं आहे की. लिहून द्या, पोराने किल्ली चोरून नेली.’ तुझी आई त्यांना चहा देत होती. कप ठेवून म्हणाली, ‘माझ्या पोराला मी चोर लिहून देऊ?’ विषय तिथेच संपला. तू क्लासला होतास, म्हणून तुला माहीत नाही.

आणि ते खरंही नव्हतं ना. आठवीत असताना तुला शेताच्या रस्त्याला गाडी शिकवली कोणी? मी. मागे बसून हँडल सोडून दिलं आणि तू सरळ रेषेत विहिरीपर्यंत गेलास, तेव्हा गल्लीभर सांगत कोण फिरलं? मीच. मग दूध आणायला भैया, दळणाला भैया, मोठ्या मायला दवाखान्यात न्यायला भैया. माझी ड्युटी पहाटेची, आईची अंगणवाडी, घरात गाडी चालवणारं कोणी हवंच होतं. चार वर्षं आम्ही तुला किल्ली दिली आणि आता म्हणावं, ठाऊक नव्हतं?

तू म्हणशील, पप्पा, तुम्हीसुद्धा कॉलेजच्या आधीपासून चालवत होता. होतो. लुना. पन्नास सीसीची, चढाला पायडल मारावं लागायचं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळायचं, कायद्यात ते आजही आहे. पण तसली गाडी आता शोरूमला शोधून सापडत नाही. कायदा लुनाच्या काळात राहिला आणि पोरांच्या हातात एकशे पंचवीस सीसी आली, हे काही तुझं पाप नाही. कायदा पाळणारी गाडी हवी असेल तर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी, २५० वॉटपर्यंतची बॅटरीवाली स्कूटर आहे, तिला लायसन्स लागत नाही. तू ती ‘म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणून हसला होतास.

आता त्या ७८ विषयी. स्पीडगनवर ७८ आलं, ट्रिपल सीट, तिघांच्या डोक्यावर काहीच नाही. तू म्हणालास, रस्ता मोकळा होता. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता मी वीस वर्षं चालवतोय. तो मोकळा कधीच नसतो, मोकळा दिसतो. केळीच्या बागेतून ट्रॅक्टर कधी बाहेर निघेल ते त्याच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं, दोन्ही बाजूंनी केळी उभी असली की त्याला काहीच दिसत नाही. रावेर, फैजपूरकडून भरलेले ट्रक निघतात, त्यांना माल नासायच्या आत दिल्लीकडे पोहोचायचं असतं. तिकडे रात्री जागलेली माणसं, इकडे तू.

आम्हाला ट्रेनिंगला एक हिशेब पाठ करून घेतला होता. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ८० ला २२. समोर काही आलं हे डोक्याला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तू दोन एसटी बसच्या लांबीइतका पुढे गेलेला असतोस. आणि त्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट. वेग दुप्पट, अंतर चौपट. हे तुझ्या अकरावीच्या फिजिक्समध्येही असेल, तिथे मार्क मिळतात.

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. तू पाचवीत असशील. फैजपूरच्या पुढे एका वळणावर एक पोरगं डाव्या बाजूने घुसलं, बस आणि साइडपट्टीच्या मधून. आताच्या तुझ्याएवढं, मिशी नुकती फुटलेली. माझ्या आरशात ते दिसलंच नाही, डावीकडे पुढच्या चाकाजवळ आम्हाला आंधळी जागा असते. मागून एक बाई ओरडली म्हणून ब्रेक मारला. चव्वेचाळीस माणसं पुढच्या दांड्यांवर आपटली, एका म्हातारबाबांच्या ओठातून रक्त आलं. खाली उतरलो तर त्याची गाडी चाकाखाली आणि पोरगं दोन फुटांवर, धुळीत बसलेलं. मला बघून हसलं. घाबरून हसलं असेल. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच रस्त्यावर बसलो. पुढची पंधरा मिनिटं स्टिअरिंग धरता येईना, हात थांबत नव्हते. त्या पोराच्या बापाला कोणी सांगितलं असेल का, माहीत नाही. चूक त्याची होती, पण मेलं असतं तर पंचनाम्यात बस माझी आली असती, आणि रात्री झोपताना मलाच दिसलं असतं.

तुझी दुसरी तक्रार मला मान्य आहे. बाकावरच्या सहांपैकी एक जण फोनवर सुटला. तू पाहिलंस, मीही पाहिलं. घरी आल्यावर तू ते पुण्याचं काढलंस. २०२४ च्या मे महिन्यात सतरा वर्षांच्या पोराच्या गाडीने दोन जण मारले आणि बाल न्याय मंडळाने त्याला ३०० शब्दांचा निबंध सांगितला. ‘त्याला निबंध आणि आपल्याला कोर्ट?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात रामदेववाडीजवळ भरधाव कारने स्कूटीवरच्या चौघांना उडवलं, आई आणि लहान पोरं. तेव्हा डेपोत आम्ही दिवसभर दुसरं काही बोललो नाही. पण पुण्याचं पुढचंही वाच कधीतरी. पोराच्या जागी रक्ताचा दुसराच नमुना दिला असा आरोप झाला आणि आईबाप दोघंही तुरुंगात गेले. पोराला वाचवायला आईबाप कुठवर जातात ते वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं. मीही एक नंबर लावलाच होता की. बिझी लागला म्हणून.

मोठ्या मायचं ऐकलंस ना? त्या रात्री दारातच उभी. ‘काय व्हयनं रे भाऊ? पोऱ्याले मारं तर नही ना?’ नाही म्हटल्यावर आत जाऊन फौजदारी डाळ केली. एवढ्या टेन्शनमध्ये मला त्या नावाचं हसू आलं, पण तुझ्याकडे बघून दाबलं.

आता पुढचं. गाडी ठाण्याच्या आवारात आहे, ती तिथेच राहू दे. सुटून आली तरी विकायची, आईशी बोलणं झालंय. क्लासला एसटीने जा, पास काढून देतो, विद्यार्थ्यांना तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात पडतो. सकाळी सातची गाडी चुकली तर क्लास चुकेल, चुकू दे. लायसन्सचं काय होईल ते कोर्ट ठरवेल. पंचविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं तर थांबू, त्यात तुला खोटा धीर देत नाही. मला माहीत आहे, मित्रांमध्ये तुझी गाडी हीच तुझी ओळख होती.

गुरुवारी तारीख आहे. मी रजा टाकली आहे. आई म्हणते पोराला कोर्टात नको, लोक बघतील. मी म्हणालो, येईल. तिचं नाव पुकारलं की ती उठेल, तेव्हा तू तिच्या बाजूला उभा राहा. बोलायचं काही नाही. तिची पिशवी तेवढी तुझ्याकडे घे.

साडेनऊच्या गाडीने जाऊ. उद्या पहाटे सहाला मुक्कामाची गाडी काढतो, नऊला घरी येईन. हे पत्र डब्याच्या पिशवीत ठेवतोय. डबा तूच उघडतोस.

तुझा,
पप्पा