अपघाताच्या क्लेमचा आकडा येतो तरी कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी असते की लोकअदालतीत अपघाताचा क्लेम मिटला, इतके लाख मंजूर, खाली चेक देतानाचा फोटो. पण ते इतके लाख कसे निघाले हे एका ओळीतही नसतं, आणि मग गावात चर्चा सुरू होते की त्याला वीस मिळाले, ह्याला चारच का, वकील मॅनेज झाला असणार. कधी होतही असेल, पण बऱ्याचदा आधी कोणी कागदावर हिशोबच केलेला नसतो.

माझा साडू टाइल्स बसवायचं काम करतो. गाडीवरून घरी येताना टेम्पोने मागून उडवलं, गुडघ्याचा पार चुरा झाला, प्लेट टाकली, हाड जुळलं पण पाय काही पूर्ण दुमडत नाही. सिव्हिलच्या दाखल्यावर कायमचं अपंगत्व 30 टक्के. विमा कंपनीचा माणूस तडजोडीला बसला तो हाच 30 चा आकडा धरून. अहो पण टाइल्सवाला उकिडवं बसल्याशिवाय काम करणार कसं? दिवसभर जमिनीला चिकटून दोरी बघायची, रबरी हातोडीने ठोकत ठोकत मागे सरकायचं, सगळं गुडघ्यावरच. तो चालतो, जिना चढतो, बघणाऱ्याला वाटतं झाला की बरा, पण त्याचा धंदा बसला ना.

हे मी मनाचं सांगत नाहीये. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. डावा हात गेला तर दाखल्यावर साधारण 60 टक्के येईल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि सरकारी क्लार्क असेल तर नोकरी टिकूही शकते. शिवाय दाखल्यावरचा टक्का फक्त त्या पायाचा की अख्ख्या शरीराचा हे पण बघायला लागतं, डॉक्टरला साक्षीला बोलावून विचारायला लागतं, आणि तिथेच लोक कंटाळा करतात.

आता हिशोब बघा, उदाहरणादाखल. वय 34, महिन्याची कमाई 15,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरायचे (2017 चा प्रणय सेठी निकाल), झाले 21,000, वर्षाचे 2,52,000. वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक, तो वयानुसार ठरतो आणि 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात आहे, 31 ते 35 ला 16. म्हणजे 40,32,000. ह्याच्या दाखल्यावरचे 30 टक्के धरले तर 12,09,600 आणि धंदा बसला म्हणून कमाईचं नुकसान समजा 70 टक्के धरलं तर 28,22,400. सोळा लाखांचा फरक, तोही फक्त एका प्रश्नावर की ह्या माणसाला आता कोणतं काम जमणार! औषधपाणी, ऑपरेशन, पुढे प्लेट काढायचा खर्च, सांभाळायला थांबलेल्या माणसाचा खर्च, वेदनेचे पैसे, हे सगळं वरून वेगळं, आणि त्यावर व्याज. मृत्यूच्या केसमध्ये मयताचा स्वतःचा खर्च म्हणून काही भाग वजा करतात, जखमीच्या केसमध्ये तसं करत नाहीत, हे पण लक्षात ठेवा.

खरी अडचण आहे ती 15,000 सिद्ध करायची. आपल्याकडे मिस्त्री लोकांचा सगळा व्यवहार रोखीत, पावती नाही, रिटर्न नाही. मग न्यायाधिकरण (म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) किमान वेतन वगैरे बघून अंदाजे रक्कम धरतं, आणि वरचा सगळा गुणाकार तिथूनच खाली येतो. फोनवरून आलेल्या पेमेंटचं बँक स्टेटमेंट, कॉन्ट्रॅक्टरची वही, आणि तो कॉन्ट्रॅक्टर स्वतः येऊन बोलला तर फार फरक पडतो. येतो का तो? नाही येत, 'मला कशाला कोर्टात' म्हणतो.

दवाखान्याच्या दारात 'पन्नास काढून देतो, तीस टक्के आमचे' म्हणणारे भेटतात त्यांच्यापासून लांबच राहा, निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना नियमानेच मना आहे. आणि अर्ज लवकर टाका, 2022 पासून कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आलीय. राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात पण टाकता येतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तिकडेच जायला पाहिजे असं नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा फोटो थोडा लहान करा आणि खाली चार ओळी द्या: वय किती, कमाई किती धरली, टक्के किती धरले, गुणक किती.

आपला,
एक वाचक, कराड