डाग गुडघ्यावर, जीन्स फाटली मांडीत

नमस्कार कस्टमर केअर,

दिवाळी सेलमध्ये तुमच्या साइटवरून २,७९९ ची डार्क ब्लू स्ट्रेच जीन्स घेतली आणि मार्चमध्ये ती दोन्ही मांड्यांत आतून, जिथे स्कूटरची सीट घासते तिथे विरली, उजवीकडे तर चक्क फाटली. फोटो पाठवले तर तुमचं उत्तर काय, डाग काढताना जोरात घासलं म्हणून कापड गेलं. अहो डाग गुडघ्यावर होता! मिसळीची तर्री सांडलेली. गुडघ्यावर घासलं की मांडीत कसं फाटतं ते जरा समजवा.

आणि घासलेलंच नाही. भांड्यांचं लिक्विड बोटाने लावून दहा मिनिटं ठेवलं, तेल निघालं, हळद उरली, ती साबणाने लाल झाली (आई म्हणाली हळदच ती, घाबरू नको), मग तेवढाच भाग दोन दुपारी उन्हात ठेवला तर गेली. तिथलं कापड आजही धडधाकट आहे.

एरवी लेबलवर लिहिलंय तसंच, उलटी करून, गार पाण्यात, ब्लीच नाही, सावलीत वाळवून. सगळी मिळून सहा वेळा धुतली असेल, तीही आईची बोलणी खाऊन.

नवीन असताना सीटला निळा रंग लागायचा तेव्हा तुमच्या चॅटवर सांगितलं मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवा. रात्रभर भिजवली, घरभर वास, फरक शून्य. इंडिगो धाग्याच्या वरवरच बसतो, आत धागा पांढराच, तो घासून निघणारच, मिठाने काय पक्का होणार? हे मला कळतं तर विकणाऱ्याला कळू नये? असो, रंग जाऊ दे, जीन्सच आहे. पण कापड?

रफूवाल्या काकांनी उजेडात धरली आणि म्हणाले टाका धरायला बाजूला धागा तर पाहिजे, कापडच पातळ आहे, आतून ठिगळ लावतो. माझी जुनी जीन्स सहा वर्षं याच स्कूटरवर फिरतेय, तिला काही झालं नाही.

बदली जीन्स नको, कूपन तर अजिबात नको, पैसे परत पाहिजेत. आठ दिवसांत नाही आले तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार.

बिल आणि फोटो परत जोडलेत, यावेळी उघडून बघा, गुडघा कुठला आणि मांडी कुठली ते नीट दिसतंय.