दुकान बंद करून माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या त्या कारागिरांस

मिशिगनमधील आमच्या घरच्या गॅरेजमध्ये मी १९६९ च्या शेव्हरोले शेव्हेल या मोटारीचा मन्सी एम-२० हा चार गतींचा गिअरबॉक्स स्वतः उघडून नव्याने जोडत होतो. गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या, झिजलेल्या पितळी सिंक्रो रिंग बदलून झाल्या होत्या. परंतु काउंटरगिअर, म्हणजे खालच्या शाफ्टवर फिरणारा दातेरी चाकांचा संच, केसिंगमध्ये उतरवताना आत ग्रीसने चिकटवलेले सुईसारखे बारीक रोलर घरंगळले आणि माझा धीरच खचला.

शनिवारी संध्याकाळी जवळच्या मशीन शॉपमध्ये गेलो, तेव्हा तेथील वृद्ध कारागीर दिवे मालवत होते. माझे म्हणणे ऐकून त्यांनी लेथ पुन्हा सुरू केला आणि मूळ एक इंची शाफ्टपेक्षा किंचित बारीक, नेमका काउंटरगिअरच्या लांबीचा एक तात्पुरता दांडा कातून दिला, जेणेकरून रोलर जागेवर राहावेत आणि खरा शाफ्ट आत सरकताना तो दांडा आपोआप बाहेर पडावा. एवढ्यावर न थांबता ते माझ्याबरोबर घरी आले, गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसले आणि पांढऱ्या फडक्यावर अठ्ठावीसच्या चार ओळी लावून सगळे ११२ रोलर मोजू लागले. एक कमी भरला. तो त्यांनी चुंबकाने केसिंगच्या कोपऱ्यातून शोधून काढला. मी तर तसाच गिअरबॉक्स बंद केला असता.

पितळेला जपण्यासाठी जीएल-४ या दर्जाचे गिअर तेलच घाला, असे सांगून, पैसे न घेता, केवळ चहा पिऊन ते गेले. आता दुसरा गिअर खरखर न करता पडतो. आजोबा, मी आपला अत्यंत ऋणी आहे.