नाव मागे घे म्हणालो, त्याबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ४ मे २०२५

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. चार ओळींतच ते ऑफिसच्या मेमोसारखं दिसायला लागलं, म्हणून फाडलं. जोडाक्षरं अडली तर आईला फोन कर. तिलाही निमित्त हवंच आहे. गेल्या रविवारपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय.

युनियनच्या निवडणुकीतून नाव मागे घे म्हणून मंगळवारी मी तुला जी ईमेल पाठवली, ती पुसून टाक. 'वैयक्तिक कारणांमुळे मी माझी उमेदवारी मागे घेत आहे.' असला मसुदा बापाने लेकीला तयार करून पाठवायचा नसतो. वर 'फक्त सही कर' असंही लिहिलं होतं मी. तू उत्तर दिलं नाहीस ते बरंच केलंस.

तरी एक विचारतो. तुझंच नाव कशाला? तुमच्या त्या अमेरिकन परराष्ट्र खात्यात इतके लोक आहेत. ज्यांची पोरं मोठी झालीत, ज्यांचं पेन्शन पिकलंय, त्यांनी उभं राहावं. तुझं घराचं कर्ज अजून कोवळं आहे आणि मनू तीन वर्षांची.

बघ, सुरुवातच अशी झाली. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तू फोनवर म्हणालीस, 'बाबा, तुम्हाला आमची युनियन काय करते तेच माहीत नाही.' खरं होतं. म्हणून आठवडाभर वाचत बसलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय! तर मला आता एवढं कळलंय की अमेरिकन फॉरेन सर्व्हिस असोसिएशन, तुम्हा राजनैतिक अधिकाऱ्यांची संघटना, तुमची ती ॲफ्सा, १९२४ सालची आहे. पहिली पन्नासेक वर्षं ती नुसती जिमखान्यासारखी मंडळी होती. युनियन म्हणून वाटाघाटी करायचा हक्क तिला १९७३ मध्ये मिळाला, तोही मत घेऊन, दुसऱ्या एका मोठ्या युनियनला हरवून. दर दोन वर्षांनी निवडणूक होते, नवं मंडळ १५ जुलैला सूत्रं घेतं, आणि प्रचाराला ऑफिसची ईमेल किंवा ऑफिसचा कागद वापरायचा नाही असा कायदाच आहे. हे मला फार आवडलं. आपल्याकडे चाळ कमिटीच्या निवडणुकीला गिरणीची सुतळी आणि गिरणीचंच फडकं वापरायचे.

त्या वाचनातच चार्ल्स थॉमस भेटला. तुला माहीत असेलच. तुमच्यासारखाच अधिकारी. ठरलेल्या मुदतीत बढती मिळाली नाही तर घरी जा, हा तुमच्या नोकरीतला जुना नियम, त्यात तो गेला. पुढे कळलं की त्याच्याबद्दलचा एक चांगला अहवाल त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या फाइलला लागला होता. दुसरी नोकरी मिळेना. १९७१ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. त्याच्या बायकोने पुढे जो लढा दिला, त्यातून तुमची तक्रार मांडायची रीतसर व्यवस्था उभी राहिली. रात्री दीड वाजता वाचलं हे. मग झोप कुठली! मी वाचायला बसलो होतो तुझी युनियन कशाला हवी ते समजायला, आणि डोक्यात राहिलं ते इतकंच की एका माणसाचं नाव चुकीच्या कागदावर गेलं.

माझी भीती तीच आहे, चिऊ. नाव कागदावर जाण्याची.

राष्ट्राध्यक्षांचा २७ मार्चचा तो आदेश मी दोनदा वाचला. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन तुमच्या खात्यातला सामूहिक वाटाघाटीचा हक्कच काढून टाकला. पगारातून कापली जाणारी वर्गणी बंद झाली, आता तू म्हणे स्वतःच्या कार्डावरून भरतेस. युनियन कोर्टात गेलीय, ठीक आहे. २२ एप्रिलला दुसरी बातमी आली, तुमच्या खात्यातल्या ७३४ कार्यालयांची ६०२ करणार म्हणून. कात्री कुणाच्या टेबलापर्यंत येईल ते कुणी सांगत नाही. अशा वेळी, ज्या युनियनला सरकार युनियन मानायला तयार नाही, तिच्या निवडणुकीत तू फोटोसकट उभी राहतेस! तुमच्या मासिकात तुझं निवेदन छापून येतं! कात्री हातात असलेल्या माणसाला यादी शोधायचेही कष्ट नकोत.

संप तर तुम्हाला करताच येत नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्ये विमानतळांवरच्या नियंत्रकांनी केला होता, रेगनने अकरा हजारांवर माणसं एका झटक्यात काढली. मी तेव्हा माटुंग्याला कॉलेजात होतो, पेपरात वाचलं आणि विसरलो. आमच्या घरात पाच महिन्यांनी काय होणार आहे हे कुठे ठाऊक होतं!

तुझ्या आजोबांबद्दल, अण्णांबद्दल, तू लहानपणी खूप विचारायचीस आणि मी तुला गणपतीच्या आणि दहीहंडीच्या गोष्टी सांगून वेळ मारून न्यायचो. आज सांगतो. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं एका दिवसात बाहेर. भोंगा वाजायचा बंद झाला की लालबागची सकाळ कशी होते ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही. सगळे जागे असायचे आणि कुठेच जायचं नसायचं.

लोकांना वाटतं संप पगारवाढीसाठी होता. होताच. पण अण्णा ज्यावर चिडायचे ते वेगळं होतं. १९४६ च्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, आणि ती कामगारांना नको असली तरी बदलणं जवळपास अशक्य होतं. ते म्हणायचे, 'माझ्या तोंडचं बोलणार कोण, ते मी ठरवीन ना!' एवढ्यासाठी ते खात्याच्या कमिटीवर गेले. चाळीचाळीतून वर्गणी गोळा करायचे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही त्याची वही ठेवायचे. आजी रोज ओरडायची, 'तुम्हाला कुणी सांगितलंय पुढे पुढे करायला?'

गेल्या रविवारी मी तुला नेमकं हेच वाक्य बोललो. तेच, त्याच सुरात. आईने स्वयंपाकघरातून वळून बघितलं माझ्याकडे.

संप कधी मागे घेतला असं कुणी जाहीर केलंच नाही. तो झिजत गेला. पुढच्या वर्षी काही गिरण्यांचे दरवाजे थोडे थोडे उघडले. अण्णांच्या गिरणीत हमीपत्र लिहून देणाऱ्याला घेत होते. गेटवर फळा होता, घ्यायचं नाही त्यांची नावं खडूने लिहिलेली. अण्णांचं तिसरं. मी वीस वर्षांचा होतो, घरात इंग्रजी मला एकट्याला यायचं. एका रात्री बसून मी अण्णांच्या नावाने हमीपत्र लिहिलं. चूक झाली, पुन्हा कमिटीत पडणार नाही, कृपा करून कामावर घ्यावे. सुवाच्य अक्षरात. सकाळी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि म्हणालो, 'फक्त सही करा.'

त्यांनी मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. पूर्ण. मग घडी घातली आणि निळ्या पेटीत ठेवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढे मालाडला एका बिल्डिंगीत वॉचमन म्हणून लागले, मी इकडे आलो तेव्हाही तिथेच होते.

हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. मंगळवारची ईमेल गेल्यावर रात्री लक्षात आलं की असला मसुदा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलाय. भाषाही तशीच नेटकी.

ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये तेव्हा अमेरिकेची वकिलात होती. १९८७ मध्ये पहाटे चारपासून मी तिथे व्हिसाच्या रांगेत उभा होतो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, 'टेक्स्टाइलमध्ये होते.' खोटं नव्हतं. पण वॉचमन हा शब्द तोंडातून निघाला नाही. आणि त्याच देशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी मुलगी बसली! ढाक्याला नेमणूक असताना तू एकदा फोनवर म्हणाली होतीस की एखादा मुलगा वडिलांचा धंदा सांगताना अडखळला की तुला उगाचच माझी आठवण येते. तुला तर मी हे कधी सांगितलंही नव्हतं.

तुझा ध्वजाचा दिवस आठवतो? २०१६. तुम्हा सगळ्या नव्या अधिकाऱ्यांना पहिली नेमणूक कुठे ते सांगून त्या देशाचा छोटा झेंडा हातात देत होते. तुझं नाव पुकारलं, झेंडा वर आला, हिरवा, पांढरा आणि तिसरा रंग नीट दिसेना. आई उठून उभीच राहिली, 'इंडिया! इंडिया!' म्हणून टाळ्या. मग पडद्यावर मेक्सिको आलं. शेजारच्या त्या टेक्ससच्या आजीबाई इतक्या हसल्या की आईची आणि त्यांची मैत्रीच झाली, अजून दिवाळीला कार्ड येतं. दुसऱ्या दिवशी तू आम्हाला वॉशिंग्टनला सी स्ट्रीटवरच्या तुमच्या खात्याच्या इमारतीत नेलंस. तिथे दारातच त्या संगमरवरी पाट्या, परदेशात कामावर असताना गेलेल्यांच्या. पहिलं नाव विल्यम पाल्फ्री, १७८०, समुद्रात बेपत्ता. तू सांगितलंस की या पाट्या असोसिएशन सांभाळते. मी नावं वाचत राहिलो आणि तू म्हणालीस, 'बाबा, चला, पार्किंग संपेल.'

त्या दिवशी मला अभिमान वाटला की भीती, हे तू आज विचारलंस तर मला सांगता येणार नाही. आजही तसंच आहे.

तू का उभी राहिलीस ते मला समजलंय, असं समज. ढाक्यातली तुझी ती मैत्रीण, यूएसएडवाली, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेतली, जिच्याकडे मनूच्या वेळी तुझे डोहाळे पुरवले गेले, तिला फेब्रुवारीत तीस दिवसांत घरी परत या म्हणून कळवलं. मुलांची शाळा अर्ध्यावर, सामान कुठे, कुत्रा कुठे. तू रात्र रात्र तिच्याशी बोलत होतीस, जावईबापूंनी सांगितलं मला. कुणीतरी त्यांच्या तोंडचं बोलायला हवं. हे वाक्य लिहिलं आणि मग पाणी प्यायला उठलो.

अण्णांच्या वेळी लोकांना नको असलेली युनियन कायद्याने डोक्यावर बसवली होती. तुमच्याकडे लोकांना हवी असलेली कायद्याने पुसायला निघालेत. त्यांना यातली गंमत कळली असती. आजीला कळली नसती, ती म्हणाली असती, 'पोरीचं नाव फळ्यावर लागेपर्यंत थांबा आणि मग हसा.' मी कुणाच्या बाजूला आहे ते बघ तूच.

आता दोन कामाच्या गोष्टी. लेक्चर नाही. निवेदनात तू स्वतःबद्दल तीन ओळी लिहिल्यास आणि बाकी सगळं इतरांबद्दल. ते बरोबर आहे, बदलू नकोस. पॅनेलमध्ये न जाता एकटी उभी राहिलीस, त्यात मतं फुटतात हे तुला माहीत असेल. प्रत्येक गोष्टीची तारखेसह नोंद ठेव, घरच्या वहीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला... हे तिसरं झालं. जाऊ दे. पैशाचं मी आणि आईने बघितलंय, आमच्या खोलीच्या शेजारची खोली रिकामी आहे, मनूची शाळा इथेही चांगली आहे. असं काही होणार नाही. पण खोली रिकामी आहे.

रागावलीस ना? मलाही राग येतो माझा.

आईने तुझं निवेदन प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय, मेक्सिकोच्या त्या लोहचुंबकाखाली. काल देशमुख काका आले होते, त्यांनी विचारलं हे काय. मी म्हणालो, मुलगी युनियनच्या निवडणुकीला उभी आहे. मोठ्याने म्हणालो. पुढे त्यांनी विचारलं, आजोबा काय करायचे गं तिचे, आईकडे बघून. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, 'गिरणीत साच्यावर होते. संपात कमिटीवर होते. नंतर मालाडला वॉचमन होते.' काका म्हणाले, अस्सं. आणि चहा मागितला.

निळी पेटी उन्हाळ्यात येशील तेव्हा घेऊन जा. आत काय आहे ते तुला आता ठाऊक आहे. ते कागद पंख्याखाली उघडू नकोस, पार जीर्ण झालेत.

मनूला गोड पापा. जावईबापूंना नमस्कार. फोन कर, निदान आईला.

तुझा,
बाबा

ता. क. – नाव मागे घ्यायची मुदत होऊन गेली असेल ना? सहज विचारतोय.