आण्विक नव्हे, बॅटरीवर चालणारी पाणबुडी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगावर, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर आले त्या दिवसांवर, आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखकाने वासिली अर्खिपोव्ह या सोव्हिएत नौदल अधिकाऱ्याची हकिगत, म्हणजे अमेरिकी नौकांनी घेरलेल्या पाणबुडीवरून अण्वस्त्राचा पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्यापासून त्यांनी कप्तानाला कसे आवरले ती, रंगवून सांगितली आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु ‘बी-५९’ या पाणबुडीचा उल्लेख लेखात पाच ठिकाणी ‘आण्विक पाणबुडी’ असा झाला आहे आणि मथळ्याखालच्या ओळीतही तोच शब्द आहे. ही पाणबुडी आण्विक नव्हती. पृष्ठभागावर डिझेल इंजिनांवर धावणारी आणि पाण्याखाली शिशाच्या बॅटऱ्यांवर तग धरणारी अशी ती पाणबुडी होती, आणि हे ध्यानात घेतले नाही तर त्या दिवशी समुद्रात जे घडले ते का घडले, हेच वाचकाला कळत नाही. चूक एका शब्दाची आहे, पण तिच्यामुळे सगळा प्रसंगच निराधार होतो, म्हणून हे पत्र.

घोटाळा कुठून होतो हे समजण्यासारखे आहे. ‘बी-५९’ वर बावीस पाणतीर होते आणि त्यांपैकी एकाच्या टोकाला अण्वस्त्र बसवलेले होते. म्हणजे शस्त्र अणूचे, चालना मात्र डिझेलची. मराठीत आपण या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘आण्विक’ म्हणतो. आपली ‘अरिहंत’ अणुभट्टीवर चालते आणि अण्वस्त्रेही वाहते, त्यामुळे तिच्या बाबतीत या ढिलाईने काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियाला मिळावयाच्या पाणबुड्या अणुभट्टीवर चालणाऱ्या असतील, पण त्यांवर अण्वस्त्रे नसतील. ‘बी-५९’ ची गोष्ट नेमकी याच्या उलट होती. भर म्हणजे अर्खिपोव्ह स्वतः त्याआधी ‘के-१९’ या खरोखरच अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीवर होते आणि १९६१ च्या जुलैत तिच्या अणुभट्टीला झालेल्या अपघातातून वाचले होते. दोन पाणबुड्या आणि एक माणूस, अशी सरमिसळ लेखात झाली असावी.

‘बी-५९’ ज्या वर्गातली, त्याला सोव्हिएत कागदपत्रांत ‘प्रकल्प ६४१’ म्हणतात. त्याचेच ‘फॉक्सट्रॉट’ हे दुसरे नाव पाश्चात्त्य लष्करी संघटनेने, म्हणजे नाटोने दिलेले असून इंग्रजी एफ या अक्षराचा बिनतारी संदेशातला उच्चार एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याच नावाच्या पाश्चात्त्य नाचाशी संबंध जोडून लेखात जे वाक्य आले आहे ते गाळले असते तरी चालले असते. नावातला ‘बी’ हा ‘बल्शाया’, म्हणजे ‘मोठी’, या रशियन शब्दाचे आद्याक्षर आहे. लेनिनग्राडच्या गोदीत १९५७ पासून या पाणबुड्या बांधल्या जाऊ लागल्या. सुमारे ९१ मीटर लांबी, प्रत्येकी २,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने, पाणबुडीला पुढे ढकलणारे तीन पंखे, पुढे सहा आणि मागे चार पाणतीरनळ्या, आणि सत्तर-ऐंशी माणसे. सोव्हिएत नौदलासाठी अशा अठ्ठावन्न बांधल्या गेल्या आणि नंतर भारत, लिबिया व क्युबा यांनाही दिल्या गेल्या.

आता बॅटरीविषयी. मी व्यवसायाने विद्युत अभियंता. निवृत्त होईपर्यंत सगळी नोकरी शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या बनवण्याच्या कारखान्यात झाली. आम्लाच्या तुषारांनी माझ्या सदऱ्यांच्या बाह्यांना मोहरीएवढी भोके पडत आणि ती धुतल्यावरच दिसत, त्यामुळे घरात दर आठवड्याला एक संवाद ठरलेला असे. सांगायचा मुद्दा असा की या विषयाचे मला पुस्तकी प्रेम नाही. फॉक्सट्रॉटच्या पोटात ४४८ सेल असत. ते ११२ च्या चार गटांत विभागलेले, दुसऱ्या आणि चौथ्या कक्षातील माणसे जिथे झोपत त्या जमिनीखाली ठेवलेले असत आणि एकेका सेलचे वजन कित्येक शे किलो भरत असे. पाणबुडी बुडी मारते तेव्हा डिझेल इंजिने बंद होतात, कारण त्यांना हवा लागते. त्यापुढे दिवे, पंखे, यंत्रे, स्वयंपाक आणि चाल हे सारे या सेलांवर. दोन नॉट, म्हणजे चालत्या माणसाइतक्याच वेगाने, सरकत राहिले तर साठा काही दिवस पुरतो. पूर्ण वेगाने, म्हणजे पंधरा नॉटच्या आसपास, पळू लागले तर तो तासा-दीड तासात संपतो. यात साध्या त्रैराशिकाहून अधिक काही आहे. शिशाची बॅटरी जितक्या घाईने उपसावी तितकी तिची एकूण देण्याची ताकदच कमी होते. सावकाश खर्च करणाऱ्याला ती जास्त देते आणि पाठलागातून निसटू पाहणाऱ्याला कमी. शिकारी मागे लागलेल्या पाणबुडीला ती नेमकी नको त्या वेळी दगा देते.

साठा संपत आला की वर यावे लागते, किंवा निदान हवेची नळी पाण्याबाहेर काढता येईल इतक्या खोलीवर येऊन इंजिने लावावी लागतात. ती नळी रडारवर दिसते आणि इंजिनांचा आवाज दूरवर ऐकू जातो. चार्जिंगचे काम तासांचे असते, मिनिटांचे नव्हे. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात सेलांमधून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीचीच वाट असते. सेल आधीच तापलेले असतील तर चार्जिंगचा वेग कमी करावा लागतो, पाणी लवकर उडून जाते आणि वायू जास्त सुटतो. आमच्या कारखान्यात मे महिन्यात चार्जिंगच्या खोलीचे पंखे बंद पडले तर आम्ही विद्युतप्रवाह खाली आणून दारे-खिडक्या उघडून बाहेर जाऊन उभे राहत असू. पाणबुडीत बाहेर जाऊन उभे राहण्याची सोय नसते.

हे ध्यानात ठेवून ऑक्टोबर १९६२ कडे पाहावे. १ ऑक्टोबरला रशियाच्या उत्तर टोकाला असलेल्या कोला द्वीपकल्पातील सायदा खाडीतून चार फॉक्सट्रॉट निघाल्या: बी-४, बी-३६, बी-५९ आणि बी-१३०. जायचे होते क्युबाच्या मारियेल बंदरात. या पाणबुड्यांचे घर म्हणजे बर्फाच्या काठाचे पाणी. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राचे कोमट पाणी त्यांच्या आराखड्यात धरलेलेच नव्हते. बाहेरच्या पाण्यानेच जिथे थंडावा मिळायचा तिथे पाणीच गरम झाले. कक्षांमधले तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर आणि इंजिनांपाशी त्याहूनही वर गेले. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला एक पेला असे वाटले जाऊ लागले. बी-१३० ची तिन्ही डिझेल इंजिने निकामी झाली आणि अखेर तिला ओढत परत न्यावे लागले. बी-३६ चा एका अमेरिकी विनाशिकेने (डिस्ट्रॉयर युद्धनौकेने) दीड दिवस पाठलाग केला आणि बॅटरी संपल्यावर ती वर आली. चारांपैकी अमेरिकनांसमोर वर येण्याची पाळी फक्त बी-४ वर आली नाही.

२७ ऑक्टोबरला बी-५९ च्या वर ‘रँडॉल्फ’ या विमानवाहू नौकेचा गट आणि अनेक विनाशिका होत्या. या नौका पाण्याखाली फुटणारे सरावाचे छोटे बॉम्ब टाकून तिला वर येण्याचा इशारा देत होत्या, आणि अशा इशाऱ्याचा अर्थ पाणबुडीवर कोणालाही ठाऊक नव्हता. कप्तान साविट्स्की यांचा तोल गेला, त्यांनी अण्वस्त्राचा पाणतीर तयार ठेवण्याचा हुकूम दिला आणि अर्खिपोव्ह यांनी त्यांना आवरले, ही हकिगत त्याच पाणबुडीवरील वादिम ऑर्लोव्ह या अधिकाऱ्याच्या आठवणींवर उभी आहे. पेचप्रसंगाला चाळीस वर्षे झाली त्या वेळी, २००२ मध्ये, ती जगापुढे आली. तोवर, १९९८ मध्ये, अर्खिपोव्ह यांचे निधन झाले होते. मोहिमेवरच्या सगळ्यांनीच ऑर्लोव्ह यांच्या आठवणींना दुजोरा दिलेला नाही, हेही लेखात एका वाक्यात यायला हवे होते. मात्र पुढचे काय ते वादातीत आहे: पाणबुडी वर आली, कारण बॅटरी संपली होती. अणुभट्टी असती तर ती दोन आठवडे खालीच बसून राहिली असती, किंवा तीस नॉटच्या वेगाने निघून गेली असती. लेखातल्या वर्णनाप्रमाणे ती ‘आण्विक’ असती, तर ती खोली, तो उकाडा, तो वाद, यांपैकी काहीच घडण्याचे कारण नव्हते. अर्खिपोव्ह यांच्या संयमाला मी कमी लेखत नाही. पण निर्णय घेण्याची घटका कप्तानावर आणली ती संपत चाललेल्या सेलांनी, आणि एका बाजूला वर येणे व दुसऱ्या बाजूला पाणतीर सोडणे, एवढेच दोन मार्ग शिल्लक ठेवले तेही त्यांनीच.

हा विषय आपल्या वाचकांना दूरचा वाटू नये, कारण याच वर्गाच्या आठ पाणबुड्या भारतीय नौदलाकडे होत्या. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे नौदलात दाखल झाली, आणि म्हणूनच तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी जूनच्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाल्यामुळे तिला आफ्रिकेला वळसा घालून विशाखापट्टणम गाठावे लागले. पाठोपाठ ‘खांदेरी’, ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ आल्या आणि १९७३-७४ मध्ये ‘वेला’, ‘वागीर’, ‘वागली’ व ‘वागशीर’. खांदेरी म्हणजे शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये थळच्या समोर उभारलेला जलदुर्ग, आणि करंज म्हणजे उरणजवळचे करंजा बेट. तेव्हा रशियन गोदीत बांधलेल्या या नौकांच्या अंगावर कोकणची नावे होती. १९७१ च्या युद्धात ‘करंज’चे कप्तान व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळाले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. भारतासाठी बांधताना आराखड्यात उष्ण पाण्याचा विचार करून वातानुकूलन सुधारले होते; क्युबाच्या मोहिमेत ज्याची उणीव भासली, ते असे आपल्या खलाशांच्या उपयोगी पडले. शेवटच्या दोन, ‘वेला’ आणि ‘वागली’, २०१० मध्ये निवृत्त झाल्या. माझगाव डॉकमध्ये अलीकडे बांधलेल्या पाणबुड्यांना त्या आठांपैकी सहांची नावे पुन्हा दिली गेली आहेत, आणि याही डिझेल-बॅटरीवरच चालतात.

‘कुरसुरा’ विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर वाळूत उभी करून संग्रहालय केले आहे. काही वर्षांपूर्वी मी ती नातीबरोबर पाहिली. गोल दारांतून आधी पाय, मग डोके असे एका कक्षातून दुसऱ्यात जावे लागते. नात सुळकन गेली, मी प्रत्येक दाराशी गुडघ्याची माफी मागत गेलो. चौथ्या कक्षात स्वयंपाकघर आहे. आपल्याकडच्या चाळीतल्या मोरीहून ते मोठे नाही, आणि त्यात सत्तरहून अधिक माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक होई. तिथे उभे असताना मी खाली पाहिले. पायाखालच्या पत्र्याच्या खाली ११२ च्या दोन गटांची जागा होती. दाखवणाऱ्या निवृत्त नौसैनिकाला मी विचारले की चार्जिंगच्या वेळी इथे कोण झोपे. तो हसला आणि म्हणाला, “ज्याची पाळी संपली असेल तो.”

एक गोष्ट छायाचित्राविषयी. लेखासोबत छापलेली पाणबुडी गोलसर नाकाची आणि पाठ गुळगुळीत असलेली आहे. ती फॉक्सट्रॉट असू शकत नाही. फॉक्सट्रॉटचे नाक जहाजासारखे निमुळते आणि टोकदार असते, आणि पाठीवर सपाट लांब डेक असतो, कारण ती बहुतांश प्रवास पाण्यावरून करण्यासाठीच बांधलेली असे. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीला वर येण्याची गरज फारशी पडत नाही, म्हणून तिचा आकार माशासारखा ठेवता येतो. ‘कुरसुरा’चे छायाचित्र कोणत्याही पर्यटकाकडे सापडेल, ते छापले असते तरी वाचकांना अचूक चित्र मिळाले असते.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर ‘आण्विक पाणबुडी’ या शब्दाऐवजी, जिथे जसे लागू होईल तसे, ‘अणुशक्तीवर चालणारी’ किंवा ‘अण्वस्त्रवाहू’ असे लिहावे, आणि ‘बी-५९’ च्या बाबतीत ‘अण्वस्त्रवाहू डिझेल पाणबुडी’ असे लिहावे, अशी विनंती आहे. जागा कमी असेल तर छायाचित्राची दुरुस्ती राहिली तरी चालेल, शब्दाची मात्र राहू नये.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विद्युत अभियंता, पुणे