शिकलेल्या घरातलं वजन

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दोघं एवढे शिकलेले आणि पोराचं वजन आवरत नाही?" मागून आई म्हणाली, "असू दे हो, बाळसं आहे." फोनवर बोलायचं राहिलं, म्हणून लिहिते.

तुमचा प्रश्न रास्त आहे. १९८९ साली सोबाल आणि स्टंकार्ड या संशोधकांनी लठ्ठपणा आणि राहणीमान यांच्या संबंधावरचे १४४ अभ्यास एकत्र तपासले होते. श्रीमंत देशांत हलाखीतल्या बायकांमध्ये लठ्ठपणा जास्त, गरीब देशांत मात्र सुखवस्तू घरातल्या बायका-मुलांमध्ये. आम्ही त्या दुसऱ्या बाजूच्या देशातून उठून श्रीमंत देशात आलो. आईचं बाळसं अजून जुन्याच बाजूला आहे! आणि आई, आशियाई प्रौढांनी तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २३ झाला की सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचवलंय. मुलांचं माप वयाच्या तक्त्यावर बघतात. तुमच्या नातवाचं डॉक्टरांनी पाहिलंय. वजन जास्त आहे, घाबरण्यासारखं नाही.

पण बाबा, नुसत्या शिक्षणाने वजन उतरत नाही. काय खावं हे आम्हाला कळतं, ते करायला वेळ आणि पैसा लागतो. इथे तुमच्या जावयांची पदवी कुणी धरत नाही. ते रात्रपाळीला गोदामात जातात, मी संध्याकाळी उशिरा येते. पोरगा किल्लीने दार उघडून घरात शिरतो, हाताला लागेल ते खातो आणि स्क्रीनसमोर बसतो. खाली खेळायला सोडावं अशी वस्ती नाही. बाप कामावर निघेपर्यंत पोरगा जागा राहतो, तेवढीच दोघांची भेट. मग झोप अपुरी. कागदावर आम्ही उच्चशिक्षित, राहणीमान मात्र दोन पायऱ्या खाली. परक्या देशात आलेल्या कितीतरी घरांचं हेच आहे. त्यामुळे आईवडिलांच्या शिक्षणाचा जो फायदा इथल्या मुलांना मिळतो, तो आमच्या मुलांपर्यंत पुरता पोचत नाही.

एक सांगायचंच होतं. हल्ली तुमचा व्हिडिओ कॉल आला की तो आधी टी-शर्ट पोटावरून खाली ओढतो, मग कॅमेऱ्यात नुसतं कपाळ दाखवतो. तुम्हाला वाटतं, लाजतो. त्याला "वजन किती झालं" असं विचारू नका, आणि "गुटगुटीत"ही म्हणू नका. बुद्धिबळाचं विचारा, अर्धा तास बोलेल.

जावयांची पात्रता परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निघाली तर दिवसाची नोकरी मिळेल आणि संध्याकाळी बापलेक पोहायला जाऊ शकतील. तलावाचा फॉर्म मी आणून ठेवलाय. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

तुमची लेक